तिसऱ्या चुंबकाची कुचंबणा

पदार्थ जसजसा थंड होत जातो तसतशी त्याच्या अंतरंगातील व्यवस्था वाढत जाते, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतक्या लवकर आणि इतक्या वेळा सांगितली जाते की, तिला अपवाद असू शकेल, आणि तो अपवाद एखाद्या भेसळीच्या वा सदोष पदार्थात नव्हे तर अत्यंत शुद्ध आणि अत्यंत रेखीव अशा स्फटिकातच आढळेल, असे कोणी म्हटले तर त्यावर सहसा विश्वास बसत नाही. वाफेचे पाणी होते, पाण्याचे बर्फ होते, आणि प्रत्येक पायरीला रेणूंच्या स्वैर हालचालींवर अधिकाधिक निर्बंध पडत जातात. चुंबकांची कथाही सामान्यतः हीच आहे. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापविले म्हणजे त्यातील अणुचुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून राहतात आणि त्या धातूचे लोहचुंबकत्व नाहीसे होते. तेच लोखंड या तापमानाच्या खाली आणले की एक अणुचुंबक दुसऱ्याची दिशा स्वीकारतो, दुसरा तिसऱ्याची, आणि कोट्यवधी अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात. प्रस्तुत प्रकरणाचा विषय मात्र असे काही चुंबकीय पदार्थ आहेत की, ज्यांना कितीही थंड केले तरी त्यांतील अणुचुंबकांना एक निश्चित रचना सापडत नाही, आणि ती सापडत नाही याचे कारण त्यांच्या घडणीतील कोणत्याही दोषात नसून त्यांच्या निर्दोष भूमितीतच आहे.

प्येर वाइस यांनी १९०७ साली लोहचुंबकत्वाची उपपत्ती मांडली तेव्हा, प्रत्येक अणुचुंबकावर इतर सर्वांचा मिळून एक प्रबळ अंतर्गत प्रभाव असतो, एवढे गृहीत धरून त्यांनी काम भागविले. तो प्रभाव येतो कोठून, याचा उलगडा व्हायला पुंजयामिकीचा उदय व्हावा लागला. १९२८ साली हायझेनबर्ग यांनी दाखवून दिले की, दोन अणूंमधील इलेक्ट्रॉनांचा विद्युत-प्रतिकर्ष आणि त्या इलेक्ट्रॉनांना लागू असलेला पाउली यांचा निषेधनियम यांच्या संयोगातूनच हे चुंबकीय बंधन निर्माण होते. हे बंधन दोन्ही प्रकारचे असू शकते. काही पदार्थांत ते शेजाऱ्याला समांतर उभे राहण्यास भाग पाडते, तर काहींत नेमके उलट्या दिशेला तोंड करण्यास. या दुसऱ्या प्रकाराचा सखोल विचार वाइस यांचेच शिष्य लुई नेएल यांनी केला, आणि अशा पदार्थात एकाआड एक अणुचुंबक वर व खाली अशी रचना होत असली पाहिजे, असे भाकीत १९३० नंतरच्या दशकात वर्तविले. या प्रतिलोहचुंबकांची बाहेरून काहीच ओळख पटत नाही, कारण निम्मे चुंबक निम्म्यांचा प्रभाव पुसून टाकतात. म्हणून नेएल यांच्या भाकिताला प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९४९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील ओक रिज येथे क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी अणुभट्टीतून निघालेले न्यूट्रॉन मँगनीज ऑक्साइडवर सोडले, आणि क्ष-किरणांना न दिसणारी ही एकाआड एक रचना त्या न्यूट्रॉनांच्या विवर्तनात स्पष्टपणे उमटली.

नेएल यांची रचना चौकोनी जालकात विनासायास बसते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर वर, खाली, वर, खाली असे चुंबक मांडले तर प्रत्येकाचे दोन्ही शेजारी त्याच्या विरुद्ध दिशेला असतात आणि कोणाचीही तक्रार उरत नाही. परंतु चौकोनाच्या जागी त्रिकोण घेतला की सारा मामला बदलतो. पहिला चुंबक वर, दुसरा त्याच्या विरुद्ध म्हणून खाली. आता तिसऱ्याने काय करावे? त्याने वर तोंड केले तर पहिल्याशी असलेला नियम मोडतो, खाली केले तर दुसऱ्याशी असलेला. तीन चुंबकांना वर किंवा खाली एवढ्या दोनच दिशांची मुभा दिली तर एकूण मांडण्या आठ होतात. त्यांपैकी तिघेही एकाच दिशेला असण्याच्या दोन मांडण्या सर्वांत महाग पडतात, आणि उरलेल्या सहांत प्रत्येकी एक बंधन तुटलेले असते. सहाही मांडण्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी असल्यामुळे निसर्गाला त्यांपैकी एकीची निवड करण्यास कोणतेही कारण मिळत नाही. या स्थितीला आपण भौमितिक कुचंबणा म्हणू. हिचे वैशिष्ट्य असे की, यातील कोणत्याही एका जोडीकडे पाहिले तर तिच्यात काहीच वावगे दिसत नाही. प्रत्येक जोडीचा नियम साधा व पाळण्याजोगा आहे, फक्त तिन्ही जोड्यांचे नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत.

एका त्रिकोणातील सहा मांडण्या ही किरकोळ बाब वाटेल. पण संपूर्ण पृष्ठभागच अशा त्रिकोणांनी भरला असेल तर समान ऊर्जेच्या मांडण्यांची संख्या किती होईल, हा प्रश्न किरकोळ नाही. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील ग्रेगरी वानिए यांनी १९५० साली तो गणिताने सोडविला, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये हाउटापेल यांनीही स्वतंत्रपणे त्या जालकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वानिए यांच्या गणिताचे फलित विलक्षण होते. निरपेक्ष शून्य तापमानालाही त्रिकोणी जालकातील हे चुंबक कोणत्याही एका रचनेत स्थिरावत नाहीत. त्यांची एंट्रॉपी, म्हणजे शक्य असलेल्या मांडण्यांच्या बाहुल्याचे माप, दर अणूमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट इतकी शिल्लक राहते. पूर्ण स्वैर चुंबकाची एंट्रॉपी याच मापाने ०.६९३ असते, हे लक्षात घेतले म्हणजे, मूळच्या स्वैरतेचा जवळजवळ निम्मा वाटा शून्य तापमानालाही वसूल होत नाही, असा याचा अर्थ होतो. वानिए यांच्या मूळ निबंधात हा अंतिम आकडा थोडा चुकीचा छापला गेला होता, आणि त्याची दुरुस्ती त्यांनी स्वतःच १९७३ साली प्रसिद्ध केली. तेवीस वर्षांनंतर एका दशांशाची काळजी वाहणाऱ्या या वृत्तीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

येथे थोडे थांबून चुंबकांकडून बर्फाकडे वळणे आवश्यक आहे, कारण शून्य तापमानालाही शिल्लक राहणारी एंट्रॉपी चुंबकांच्या आधी हाती लागली ती साध्या पाण्याच्या बर्फात, आणि पुढील सर्व कथा त्या बर्फाच्या आधारानेच उलगडत गेली आहे. १९०६ साली वॉल्टर नेर्न्स्ट यांनी उष्मागतिकीचा जो तिसरा नियम मांडला, त्याचा आशय असा की, निर्दोष स्फटिक निरपेक्ष शून्याकडे जाताना त्याची एंट्रॉपीही शून्याकडे जाते. एंट्रॉपीचे मापन एखाद्या जमाखर्चासारखे आहे. पदार्थ अतिशीत अवस्थेपासून हळूहळू तापवीत न्यायचा, प्रत्येक अंशाला त्याने किती उष्णता घेतली ते नोंदवायचे, आणि त्या नोंदींवरून बेरीज करीत वरपर्यंत यायचे. दुसऱ्या बाजूने पाण्याच्या वाफेच्या वर्णपटावरून तिची एंट्रॉपी किती असली पाहिजे हे स्वतंत्रपणे काढायचे. आणि दोन्ही खाती ताडून पाहायची. कॅलिफोर्नियात बर्कली येथे विल्यम जिओक यांनी पाण्याचा असा हिशेब मांडला तेव्हा दोन खात्यांत फरक पडू लागला. जे. डब्ल्यू. स्टाउट यांच्यासह १९३६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या, १५ ते २७३ केल्विन या टप्प्यातील अत्यंत काळजीपूर्वक मोजमापांप्रमाणे हा फरक दर मोलमागे, दर अंशामागे सुमारे ०.८२ कॅलरी इतका भरला.

या तुटीचे स्पष्टीकरण आदल्याच वर्षी, १९३५ साली, लायनस पॉलिंग यांनी देऊन ठेवले होते, आणि त्यांची रीत इतकी सोपी आहे की ती संपूर्ण सांगण्याचा मोह आवरत नाही. बर्फात प्रत्येक ऑक्सिजन अणूला चार ऑक्सिजन शेजारी असतात, आणि दर दोन शेजाऱ्यांच्या मधोमध एक हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन अगदी मध्यावर बसत नाही. तो एकाच्या जवळ व दुसऱ्यापासून दूर असतो. बर्नल व फाउलर यांनी १९३३ साली सांगितलेला नियम असा की, प्रत्येक ऑक्सिजनजवळ नेमके दोनच हायड्रोजन असले पाहिजेत, कारण पाण्याचा रेणू शेवटी दोन हायड्रोजनांचाच आहे. कोणते दोन, हे मात्र हा नियम सांगत नाही. चार हायड्रोजनांना जवळ वा दूर असे दोन पर्याय असल्याने एका ऑक्सिजनभोवती सोळा मांडण्या संभवतात, आणि त्यांपैकी सहाच मांडण्यांत नेमके दोन जवळ असतात. दर ऑक्सिजनमागे दोन हायड्रोजन, म्हणजे मांडण्यांचे चार पर्याय. त्याला सहा-सोळांशाने गुणले की दीड येतो. म्हणजे प्रत्येक रेणू बर्फातील मांडण्यांची संख्या दीडपट करतो, आणि त्यावरून काढलेली एंट्रॉपी येते ०.८०६ कॅलरी. जिओक यांची ०.८२ ही संख्या मापनातील अनिश्चिततेच्या मर्यादेत तिच्याशी जुळते. हे सर्व गणित कागदाच्या एका पाठपोट पानावर मावते. आणि तरीही त्याने जो अर्थ उलगडला तो असा की, बर्फातील ऑक्सिजन पूर्ण शिस्तीत आहेत, हायड्रोजन मात्र एका कडक नियमाचे पालन करूनही कायमचे अनिश्चित राहिले आहेत. नियमाचे पालन आणि रचनेचा अभाव या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा या प्रकरणाचा मध्यवर्ती विचार मी बर्फाकडूनच घेतो.

पॉलिंग यांच्या गणिताचे चुंबकांशी असलेले नाते १९५६ साली फिलिप अँडरसन यांच्या ध्यानी आले. फेराइट वर्गातील खनिजांत अणूंची अशी एक मांडणी असते की, चार कोपऱ्यांचे चतुष्फलक एकमेकांना केवळ कोपऱ्याने जोडलेले असतात. अशा प्रत्येक चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर एकमेकांशी विरोध करणारे चुंबक ठेवले तर दोन वर व दोन खाली ही सर्वांत स्वस्त मांडणी ठरते. आणि चारांपैकी कोणते दोन, हा प्रश्न पुन्हा सहा उत्तरांसह उघडा राहतो. म्हणजे बर्फाचा नियम चुंबकांच्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. हा विचार बरीच वर्षे सैद्धांतिक निबंधांतच राहिला. मधल्या काळात, १९७७ साली, पॅरिसमधील जेरार तुलूझ यांनी कुचंबणेची संकल्पना नेमक्या गणिती रूपात मांडली, परंतु ती प्रामुख्याने स्पिन-काच नावाच्या मिश्रधातूंसाठी, आणि त्यांत अशुद्ध अणूंचा स्वैर प्रसार हाच अव्यवस्थेचा उगम असल्याने त्यांची कथा येथे लांबवीत नाही. आपला विषय शुद्ध स्फटिकांचा आहे.

१९९७ साली मार्क हॅरिस, स्टीव्हन ब्रॅमवेल आणि त्यांचे सहकारी होल्मियम टायटॅनेट या स्फटिकाचा अभ्यास करीत होते. या स्फटिकात होल्मियमचे अणू अँडरसन यांनी वर्णिलेल्या चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात, आणि प्रत्येक अणुचुंबकाला स्फटिकाच्या विद्युत-क्षेत्राने असे जखडलेले असते की, तो एकतर चतुष्फलकाच्या केंद्राकडे तोंड करू शकतो वा केंद्राकडे पाठ करू शकतो. तिसरी दिशा त्याला नाही. या अणुचुंबकांतील बंधन समांतर राहण्याचे, लोहचुंबकाच्या जातीचे आहे, आणि तोवर सर्वांची धारणा अशी होती की कुचंबणा ही विरोधी बंधनांतूनच जन्मते. येथे ती धारणा उलटी पडली. केंद्राकडे वा केंद्राबाहेर एवढीच मुभा असलेल्या चार चुंबकांना समांतर राहण्याचा हुकूम दिला तर त्यांना तो पुरतेपणी पाळता येत नाही. दोन आत व दोन बाहेर ही मांडणी त्यातल्या त्यात बरी ठरते. उलट विरोधाचा हुकूम असता तर चारही आत वा चारही बाहेर असा बिनतक्रार फैसला झाला असता. हॅरिस व ब्रॅमवेल यांचा स्फटिक अर्ध्या केल्विनच्याही खाली नेला तरी त्यात चुंबकीय रचना प्रकटली नाही, आणि या पदार्थांना त्यांनी स्पिन-बर्फ असे नाव दिले.

नाव सार्थ होते की नुसते आलंकारिक, याची कसोटी उष्णतेच्या हिशेबानेच लागणार होती. १९९९ साली आर्थर रामिरेझ यांनी डिस्प्रोसियम टायटॅनेट या भगिनी-पदार्थाची विशिष्ट उष्णता मोजून हा हिशेब पुरा केला. या कामात त्यांचे सहकारी होते हायाशी आणि कॅव्हा, आणि त्यांच्या जोडीला राहुल सिद्धार्थन व बी. श्रीराम शास्त्री हे दोन भारतीय सिद्धांतकार. वर-खाली अशा दोन पर्यायांच्या चुंबकांनी तापताना जेवढी एंट्रॉपी परत द्यावयास हवी तेवढी त्यांनी दिली नाही. राहिलेली तूट पॉलिंग यांच्या दीडपटीच्या हिशेबाशी जुळत होती. पाण्यासाठी १९३५ साली केलेले गणित चौसष्ट वर्षांनी एका दुर्मिळ मृद-धातूच्या चुंबकांना लागू पडले. या निष्कर्षाला पुढे एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली, ती वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य नाही. अर्ध्या केल्विनच्या खाली या स्फटिकातील चुंबक इतके मंद होतात की, त्यांना उष्मागतिक समतोल गाठण्यास दिवसच्या दिवस लागतात. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असा दीर्घ धीर धरून मोजमाप केले तेव्हा तूट पॉलिंग यांच्या आकड्यावर स्थिर न राहता घटत गेलेली दिसली. म्हणजे निसर्ग कदाचित अखेरीस एका रचनेकडे झुकतोही, मात्र अत्यंत सावकाश. बर्फाचा नियम त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा अंमल किती खोलवर चालतो, एवढाच प्रश्न उरतो.

स्पिन-बर्फाने सर्वांत मोठा विस्मय दिला तो २००८ साली. एका चतुष्फलकातील दोन आत-दोन बाहेर या मांडणीतील एक चुंबक उलटा केला असे समजू. तो चुंबक दोन चतुष्फलकांचा सामाईक कोपरा असल्याने एकात तीन आत-एक बाहेर व शेजारच्यात एक आत-तीन बाहेर अशी स्थिती होते. प्रत्येक अणुचुंबकाला उत्तर व दक्षिण असे दोन ध्रुव असतात. नियमानुसार असलेल्या चतुष्फलकात ते एकमेकांना रद्द करतात, पण नियम मोडलेल्या चतुष्फलकाच्या केंद्रात एका जातीच्या ध्रुवाचे आधिक्य उरते, आणि शेजारच्यात दुसऱ्या जातीच्या. आता पहिल्या चतुष्फलकातील दुसरा एखादा योग्य चुंबक उलटा केला तर तेथील नियम पूर्ववत होतो व बिघाड पुढच्या चतुष्फलकात सरकतो. असे एकामागून एक चुंबक उलटत गेले तर मूळ दोन बिघाड परस्परांपासून हवे तितके दूर जाऊ शकतात, आणि वाटेत उलटलेल्या चुंबकांच्या रांगेमुळे ऊर्जेचा वेगळा बोजा पडत नाही, कारण त्या वाटेवरील प्रत्येक चतुष्फलक पुन्हा नियमानुसारच असतो. क्लाउडिओ कास्टेलनोव्हो, रोडेरिख मोस्नर आणि शिवाजी सोंधी यांनी दाखवून दिले की, या दोन बिघाडांमधील आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, म्हणजे दोन विद्युत-भारांत जसे असते तसेच. एकच चुंबक कितीही तोडला तरी त्याचे उत्तर व दक्षिण ध्रुव वेगळे होत नाहीत, हे शाळेत शिकलेले सत्य. आणि येथे मात्र एका स्फटिकाच्या पोटात उत्तर ध्रुव एकीकडे व दक्षिण ध्रुव दुसरीकडे स्वतंत्रपणे हिंडताना आढळतात.

डिरॅक यांनी १९३१ साली ज्या मूलभूत चुंबकीय एकध्रुवाची शक्यता मांडली होती, तो हा नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. स्पिन-बर्फातील एकध्रुवाचा भार डिरॅक यांच्या एकध्रुवाच्या भाराचा सुमारे आठ हजारावा भाग आहे, तो स्फटिकाबाहेर काढता येत नाही, आणि मॅक्सवेल यांच्या समीकरणांना तो कोठेही बाध आणीत नाही. चुंबकनाचे क्षेत्र त्या बिंदूत एकवटते वा त्यातून फाकते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही २००९ साली बर्लिन व ग्रेनोबल येथील न्यूट्रॉन-प्रयोगांत या एकध्रुवांच्या व त्यांच्यामागील रांगांच्या खुणा सापडल्या तेव्हा, प्रत्यक्ष पदार्थाचा मूळ घटक नसलेली, केवळ सामुदायिक वर्तनातून उत्पन्न झालेली वस्तू घटकाइतकीच खरीखुरी वागू शकते, ही गोष्ट या स्फटिकांनी जितक्या स्वच्छपणे दाखविली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी दाखविली असेल, असे मला वाटते.

आतापर्यंतचे चुंबक वर किंवा खाली, आत किंवा बाहेर, असे ठाम उत्तर देणारे होते. पुंजयामिकी अशा ठामपणाची सक्ती करीत नाही. दोन लहान अणुचुंबकांतील विरोधी बंधन जेव्हा पूर्णपणे पुंजयामिकीच्या नियमाने चालते तेव्हा त्यांची सर्वांत स्वस्त अवस्था अशी असते की, दोघांचे मिळून चुंबकत्व शून्य, आणि कोण वर व कोण खाली याला काही अर्थच उरत नाही. पहिला वर-दुसरा खाली आणि पहिला खाली-दुसरा वर या दोन्ही शक्यता समसमान मिसळून एक अविभाज्य युग्म तयार होते. अशी युग्मे कुचंबणेतून कशी वाट काढतात याचे पहिले निर्दोष उदाहरण मुंबईत सापडले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एका रेषेतील चुंबकांचा विचार केला होता. प्रत्येक चुंबकाचा आपल्या निकटच्या शेजाऱ्याशी जेवढा विरोध, त्याच्या निम्मा विरोध एक सोडून पुढच्याशी, अशी त्यांची अट होती. हा निम्म्याचा आकडा मनमानी नाही. सलग तीन चुंबकांचा एक त्रिकोण मानला तर निकटच्या दोघांचे बंधन दोन त्रिकोणांत येते व एक सोडून पुढच्याचे एकाच त्रिकोणात. म्हणून पहिले बंधन दुप्पट असले की संपूर्ण साखळी एकसारख्या त्रिकोणांची बनते. आणि त्रिकोणातील तिघांपैकी कोणत्याही दोघांनी युग्म बांधले की त्या त्रिकोणाची ऊर्जा किमान होते. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशी युग्मे बांधत गेल्यास सलग कोणतेही तीन चुंबक घ्या, त्यांत एक पुरे युग्म सापडतेच. एकही त्रिकोण असंतुष्ट राहत नाही. असंख्य कणांच्या पुंजयामिकीय समस्येचे नेमके उत्तर मिळणे ही अत्यंत विरळा घडणारी गोष्ट, आणि तीही इतक्या थोड्या शब्दांत सांगता येण्याजोगी. म्हणूनच मजुमदार-घोष प्रतिमान आज जगभर या विषयाच्या पहिल्या धड्यात शिकविले जाते. मराठी वाचकाने कुलाब्याच्या त्या समुद्रकाठच्या संस्थेचे नाव घेताना या साखळीची आठवण ठेवावी, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांचे नाव वर येऊन गेले त्या श्रीराम शास्त्री यांनी डॉक्टरेट याच संस्थेत मिळविली. पुढे १९८१ साली बिल सदरलँड यांच्यासह त्यांनी याच विचाराचा द्विमितीय विस्तार केला: चौकोनी जालकात ठरावीक चौकोनांत कर्णांची बंधने घातली, आणि ती पुरेशी प्रबळ असतील तर कर्णांवरील युग्मांचीच अवस्था नेमकी किमान ऊर्जेची ठरते, हे सिद्ध केले. त्या वेळी असा कोणताही पदार्थ कोणाला ठाऊक नव्हता. गणित सुटावे म्हणून रचलेली ती मांडणी होती. १९९९ साली जपानमधील कागेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम कॉपर बोरेट या संयुगाचे गुणधर्म तपासले तेव्हा त्यातील तांब्याच्या अणूंची मांडणी शास्त्री-सदरलँड यांच्या आकृतीशी समतुल्य निघाली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात या संयुगाचे चुंबकत्व सरळ वाढत न जाता एक-अष्टमांश, एक-चतुर्थांश अशा पायऱ्यांवर थबकते, आणि या पायऱ्यांचा अभ्यास आजही चालू आहे.

युग्मे ठरावीक जोड्यांतच अडकून राहिली तर पदार्थ शांत होतो. ती सतत जोडीदार बदलीत राहिली तर काय, हा प्रश्न अँडरसन यांनी १९७३ साली विचारला. त्रिकोणी जालकात युग्मांच्या असंख्य जुळण्यांचे एकमेकांत मिश्रण होऊन, शून्य तापमानालाही न गोठणारा एक चुंबकीय द्रव बनू शकेल, अशी त्यांची कल्पना होती. त्रिकोणी जालकाबाबत पुढील गणितांनी त्यांना साथ दिली नाही. तेथील चुंबक तीन दिशांत १२० अंशांचा कोन करून उभे राहण्याची तडजोड स्वीकारतात. म्हणून लक्ष वळले ते अधिक सैल विणीच्या जालकाकडे. जपानी बांबूच्या टोपल्यांवरून कागोमे हे नाव मिळालेल्या या जालकात त्रिकोण केवळ कोपऱ्याने जोडलेले असतात, मध्ये षट्कोनी पोकळ्या राहतात, आणि प्रत्येक अणूला सहाऐवजी चारच शेजारी असतात. त्यामुळे एका त्रिकोणाने केलेली तडजोड दुसऱ्यावर लादली जात नाही.

निसर्गात अशा जालकाचा तांबेयुक्त नमुना आहे हर्बर्टस्मिथाइट, चिलीमध्ये सापडलेले, तांबे व जस्त यांचे एक हिरवेगार खनिज, ज्याला ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ हर्बर्ट स्मिथ यांचे नाव दिले गेले. २००५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डॅनिएल नोसेरा यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार केले. त्यातील तांब्याच्या अणूंमधील बंधन सुमारे २०० केल्विनच्या तोलाचे आहे, म्हणजे सामान्य न्यायाने या चुंबकांनी द्रवरूप हवेच्या तापमानाच्या आसपासच शिस्त धरावयास हवी होती. परंतु ०.०५ केल्विनपर्यंत थंड करूनही त्यांची हालचाल थांबत नाही. रामिरेझ यांनी कुचंबणेची तीव्रता मोजण्यासाठी बंधनाचे तापमान व रचना प्रकटण्याचे तापमान यांचे गुणोत्तर सुचविले होते, आणि ते दहाच्या वर गेले की कुचंबणा तीव्र समजली जाते; येथे ते हजारोंच्या घरात जाते. २०१२ साली एकसंध स्फटिकावर केलेल्या न्यूट्रॉन-प्रयोगात नेहमीचे रेखीव बिंदू न दिसता सर्वत्र पसरलेला धूसर प्रकीर्ण प्रकाश दिसावा तसा न्यूट्रॉनांचा विखुराव दिसला. न्यूट्रॉनाने दिलेला धक्का स्फटिकात दोन अर्ध्या भागांत फुटतो व ते भाग स्वतंत्रपणे निघून जातात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मात्र या द्रवाला हलविण्यास काही किमान ऊर्जा लागते की शून्याएवढी अल्प ऊर्जाही पुरते, हा तंटा अद्याप मिटलेला नाही. २०१५ साली ऑक्सिजन-१७ या समस्थानिकाच्या अणुकेंद्रीय अनुस्पंदनावरून एका गटाने किमान ऊर्जा लागते असा निष्कर्ष काढला. २०२० साली त्याच समस्थानिकाच्या त्याच प्रकारच्या मापनांवरून दुसऱ्या गटाने, ज्यात भारतीय संशोधक पी. खुंटिया यांचा समावेश होता, तशी ऊर्जा लागत नाही असे प्रतिपादन केले. दोन्ही बाजूंची अडचण एकच आहे. तांबे व जस्त यांचे आकारमान इतके जवळचे की, जस्ताच्या काही जागा तांब्याचे अणू बळकावून बसतात, आणि हे उपरे तांबे आपले स्वतंत्र चुंबकत्व मिसळून मूळ जालकाचा अत्यंत क्षीण आवाज दडपून टाकतात; म्हणून या वादाचा निकाल मापनयंत्रांपेक्षा अधिक प्रमाणात, जस्ताच्या जागी जस्तच ठेवणाऱ्या स्फटिकांची वाढ करणाऱ्या रसायनज्ञांच्या हाती आहे, आणि त्याच कागोमे जालकाची पण तांब्याला परकी जागा न देणारी दुसरी संयुगे शोधण्याचे त्यांचे काम सध्या चालू आहे.